एकशे साठावा अर्ज

१

व्यवस्थापन विद्यालयाच्या फलकावर सकाळी नऊ वाजता तीन याद्या लागल्या. पहिलीत निवड झालेल्यांची चाळीस नावे होती, दुसरीत प्रतीक्षेतल्यांची एकोणीस आणि तिसरीत नाकारलेल्यांची शंभर. दहाच्या सुमारास एक मुलगी त्या तिन्ही याद्या चौथ्यांदा वाचून मुख्य इमारतीच्या तळमजल्यावर आली. तिच्या मागे तिचे वडील होते. तिचे नाव तिन्हींपैकी एकाही यादीत नव्हते.

तळमजल्यावरच्या ज्या खोलीत ती शिरली, तिच्या दारावर ‘चौकशी’ अशी पाटी होती. पूर्वी तिथे माहितीची खिडकी होती. पुढे ती खोली विद्यार्थ्यांच्या तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना मिळाली, पाटी मात्र कोणी बदलली नाही. या अधिकारी म्हणजे संख्याशास्त्राच्या निवृत्तीला आलेल्या प्राध्यापिका. सगळे विद्यापीठ त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत असे. दिवसाकाठी त्यांच्याकडे दहा माणसे येत, त्यांतल्या सात जणांना उपाहारगृह कुठे आहे एवढेच हवे असे. बाई त्यांनाही बसवून घेत आणि नीट सांगत.

मुलीने अर्जाची पावती टेबलावर ठेवली. क्रमांक एकशे सतरा. टंकलेखन कक्षाच्या खिडकीवर तिला सांगितले गेले होते की असा अर्ज कार्यालयात नाही.

“नाकारलं असतं तर मी काही म्हटलं नसतं,” ती म्हणाली. “पण त्या शंभरांतही मी नाही.”

वडील दाराशीच उभे होते. गावात त्यांचे छोटे सलून होते आणि ते बंद ठेवून ते आले होते. बाईंनी खुर्ची दाखवली तेव्हा ते अवघडून बसले आणि बसताबसता गेल्या वर्षभरात घरात शंभरदा म्हटलेले वाक्य पुन्हा म्हणाले, “हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस, असं हिला तेव्हाच सांगितलं होतं.”

हातचे म्हणजे नदीपलीकडच्या विद्यापीठातली जागा. तिथे शाळा संपताच गुणांच्या उतरंडीने थेट व्यवस्थापनाच्या पदवीला प्रवेश मिळतो. निबंध नाही, मुलाखत नाही. आकडा बसला की तीन वर्षांची चिंता मिटली. मुलीचा आकडा बसला होता. अलीकडच्या या विद्यापीठाची रीत वेगळी. इथे पहिले वर्ष सर्वांना सामाईक असते. गणित, अर्थशास्त्र, इतिहास, भूशास्त्र, जे जे आवडेल ते थोडे थोडे चाखायचे, आणि वर्षअखेरीस व्यवस्थापन विद्यालयाकडे वेगळा अर्ज करायचा. वर्षाचे गुण, एक निबंध आणि एक मुलाखत, यांवर चाळीस जणांना आत घेतात. शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला आपल्याला काय हवे ते ठाऊक असते, हे पलीकडच्यांनी गृहीत धरले आहे. ते त्याला ठाऊक नसते, हे अलीकडच्यांनी. दोघांचेही थोडेथोडे खरे आहे.

मुलीने अलीकडची वाट धरली होती, आणि आता मागे फिरायला जागा नव्हती. पलीकडे दुसऱ्या वर्षाला कोणाला घेतच नाहीत. इथले दार लागले तर व्यवस्थापन हा विषय तिच्यापुरता संपला.

हरकती घेण्याची मुदत दुपारी चार वाजेपर्यंत होती. त्यानंतर यादीवर कुलसचिवांची सही होणार होती आणि मग ती कोणालाच बदलता येणार नव्हती.

बाईंनी तीन आकडे कागदावर मांडून बेरीज केली. आवक नोंदवहीत अर्ज एकशे साठ होते. याद्यांत नावे एकशे एकोणसाठ.

“माणूस नाकारला तरी मोजला जातो,” त्या म्हणाल्या. “तुला मोजलेलंच नाही. हे नाकारण्यापेक्षा वेगळं काहीतरी आहे.”

२

विद्यालयाच्या प्रवेश कक्षाचे मुख्य लिपिक चार महिन्यांपूर्वीच नदीपलीकडच्या विद्यापीठातून इथे आले होते. तिथे त्यांची बावीस वर्षे सेवा झाली होती. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत आणि ते आले तेव्हापासून कक्षातली कपाटे मोजून मापून उभी आहेत असे वाटे. प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, टेबलावर तीनच वस्तू.

क्रमांक एकशे सतरा म्हणताच त्यांनी तिन्ही कपाटे बाईंसमोर उघडली. निवडीचे कपाट, प्रतीक्षेचे, नकाराचे. फाइल कुठेच नव्हती. भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. आपल्या हातून आजवर एक कागद हरवला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्यांचा स्वतःचाच त्यावर थोडा कमी विश्वास होता.

बाईंनी निवडीची हकिगत विचारली. ती अशी होती. सोमवारी समितीने मुलाखती घेतल्या आणि एकोणचाळीस जणांची निवड केली. एक मुलगी तापाने आजारी होती, म्हणून तिची जागा राखून ठेवली. बुधवारी तिची मुलाखत एकट्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी घ्यावी आणि त्यांनी शेऱ्यात लिहावे तोच निर्णय, असे ठरले. शुक्रवारपर्यंत निवडीचा चाळिसावा शेरा भाऊसाहेबांकडे आला नाही. तेव्हा जागा रिकामी समजून त्यांनी प्रतीक्षायादीतला पहिला मुलगा वर घेतला. नियमाप्रमाणे तेच योग्य होते.

ती आजारी मुलगी म्हणजे सकाळची मुलगीच, हे बाईंना तिच्याकडूनच कळले होते. मग तिच्या फाइलीचे काय झाले, ते त्यांनी विचारले. भाऊसाहेब म्हणाले की त्यांच्या टेबलावर आलेल्या प्रत्येक कागदाचे त्यावरच्या शेऱ्याप्रमाणे झाले असणार. ‘निवड’ लिहिलेला पहिल्या कपाटात, ‘अमान्य’ लिहिलेला तिसऱ्यात.

“पण नाव आठवत नाही तुम्हाला?”

“मी नाव वाचतच नाही, बाई. शेरा वाचतो. नाव वाचलं की माणूस ओळखीचा निघतो, आणि ओळख निघाली की हात थबकतो.”

बाईंना हे उत्तर आवडले. मग त्यांनी सहज म्हणून पलीकडचे काम कसे चालते ते विचारले, आणि भाऊसाहेब खुलले. तिकडे प्रवेशअर्जाला माणसाचा हातच लागत नाही. गुण यंत्रात जातात, यादी यंत्रातून येते. कुणाची आवडनिवड नाही, कुणाचा निबंध नाही. साहेबलोकांचे हस्ताक्षर दिसायचे ते फक्त तक्रारींवर आणि विनंतीपत्रांवर. इथे येऊन पहिल्यांदा त्यांनी प्रवेशअर्जावर शाईने लिहिलेला शेरा पाहिला, आणि खरे सांगायचे तर त्यांना ते जरा धोक्याचेच वाटले.

निघता निघता बाईंनी फाइली बाहेर काढल्याची वही मागून घेतली. एकशे सतरासमोर मंगळवारची तारीख होती. फाइल नेणाऱ्याची सही होती. ‘परत आली’ हा रकाना कोरा होता.

सही टंकलेखिकेची होती. आणि तीच सही बाईंनी पाच मिनिटांपूर्वी प्रतीक्षायादीतल्या पहिल्या मुलाच्या अर्जावर पाहिली होती. तिथे ती ‘पालक’ या शब्दाखाली होती.

३

टंकलेखिकेला सारे कार्यालय मावशी म्हणत असे. खरीखुरी मावशी ती एकाच मुलाची होती, आणि तो मुलगा आता चाळिसावा होता.

बाईंनी वही समोर ठेवली. मावशींनी ती पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“आता तुम्ही म्हणणार, दाल में काला,” त्या म्हणाल्या. “म्हणा. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर मीच म्हटलं असतं.”

फाइल आपण काढली, हे त्यांनी मान्य केले. बहीण परगावी असते म्हणून भाच्याचा पालक म्हणून सही त्याच करतात. राखून ठेवलेली ती एक जागा मिळाली नाही तर भाचा आत जाणार, हे त्यांना माहीत होते. ती आजारी मुलगी आहे तरी कोण, हे पाहण्याचा मोह मंगळवारी दुपारी त्यांना आवरला नाही. फाइल उघडून त्यांनी तिचा निबंध वाचला. वडिलांच्या सलूनबद्दल होता. गिऱ्हाईक कोणत्या वाराला येते, का येते, थांबायला लागले तर कोण निघून जाते आणि कोण थांबते, आणि थांबणारा का थांबतो. दोन पाने.

“वाचून मला लाज वाटली. आमच्या दिवट्याचा निबंध अर्धा मीच लिहिलेला. टंकलेखन केलं तेव्हा सुधारणा करता करता.”

त्या रात्री जेवताना त्यांनी घरी हे सांगितले. भाचा हसला. ती मुलगी आपल्या पुढे असू दे, असे म्हणाला. सामाईक वर्षात त्याला भूशास्त्राची गोडी लागली होती, सुट्टीत तो नदीकाठी दगड फोडत बसे, आणि त्या विभागाचा अर्ज त्याने मावशीला न सांगता केव्हाच भरला होता. व्यवस्थापनाचा अर्ज फक्त मावशीचे मन मोडू नये म्हणून होता.

“म्हणजे आम्ही दोघं एकमेकांसाठी धावत होतो, आणि शर्यतीत कुणालाच रस नव्हता.”

बाई हसल्या, पण वही त्यांनी मिटली नाही. परतीचा रकाना कोरा का, असे त्यांनी विचारले. उत्तर सरळ होते. फाइल परत कपाटात गेलीच नाही. बुधवारी सकाळी ज्येष्ठ प्राध्यापक मुलाखतीसाठी आले आणि त्यांनी टेबलावरूनच ती उचलली. मावशींनी ते स्वतः पाहिले. मुलाखत झाल्यावर सर बाहेर आले, ते गालातल्या गालात हसत होते, आणि फाइल त्यांच्या काखेत होती.

आज सकाळी खिडकीवर मुलीला अर्ज नाही असे का सांगितले, हे बाईंनी शेवटी विचारले. कारण याद्यांत नव्हता आणि कपाटांत नव्हता, मावशी म्हणाल्या. आणि त्यांचा स्वतःचा भाचा वर गेला असताना, त्या मुलीच्या फाइलीबद्दल फार विचारपूस करण्याचे त्यांना धैर्य झाले नव्हते.

घड्याळात सव्वा वाजला होता. फाइल शेवटची ज्यांच्या हातात दिसली, त्या माणसाने मुलीला मुलाखतीत तीनच प्रश्न विचारले होते, आणि शेवटच्या उत्तरावर तो मोठ्याने हसला होता. हे मुलीनेच सकाळी सांगितले होते. तिला खात्री होती की त्यांनीच तिला बाद केले.

४

अर्थशास्त्राचे ज्येष्ठ प्राध्यापक जेवणानंतर वाचनालयाच्या खिडकीशी बसत. सगळे त्यांना अण्णासर म्हणत. विद्यालय सुरू झाले तेव्हापासून, म्हणजे एकतीस वर्षे, ते इथे होते. समितीवर यायला अलीकडे ते नाखूश असत. या वेळी केवळ आजारी मुलीसाठी म्हणून त्यांना गळ घातली होती.

बाईंनी मुलीचे नाव घेताच ते पुन्हा हसले. त्यांनी तिला विचारले होते की तुझ्या वडिलांच्या दुकानाशेजारी नवे चकाचक दुकान निघाले तर काय करशील. ती म्हणाली, आधी तिथे जाऊन केस कापून घेईन. अण्णासरांना एकतीस वर्षांत इतके चांगले उत्तर मिळाले नव्हते. पुढे प्रश्न विचारायची गरजच उरली नाही.

मग यादीत तिचे नाव का नाही, असे बाईंनी विचारले. सरांना ते ठाऊकच नव्हते. ते याद्या पाहायला गेले नव्हते. त्यांची पहिली प्रतिक्रिया रागाची होती, दुसरी काळजीची. फाइल त्यांनी त्याच दुपारी भाऊसाहेबांच्या टेबलावरच्या आवकेच्या ट्रेमध्ये स्वतः ठेवली होती.

बाई उठल्या. आता कोडे अधिकच बिकट झाले होते. फाइलीवर शेरा लिहून झाला, ती ट्रेमध्ये पोचली, आणि ज्या माणसाच्या हातून कागद हरवत नाही त्याच्या हातून हरवली. भाऊसाहेब खोटे बोलत असतील, असे बाईंना मनापासून वाटेना. मावशींना लपवायचे होते ते त्यांनी सांगून टाकले होते. अण्णासर तर मुलीच्या बाजूनेच होते. तीन माणसे, तिघेही खरे बोलणारे, आणि एक कागद नाहीसा.

दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या.

“सर, शेऱ्यात तुम्ही नेमकं काय लिहिलंत? मला शब्दच्या शब्द हवेत.”

“दोनच शब्द. नेहमीचेच.” अण्णासरांनी बोटाने हवेत लिहून दाखवले. “दाखल करावे.”

बाई परत येऊन खुर्चीत बसल्या.

५

अडीच वाजता बाईंच्या खोलीत भाऊसाहेब, मावशी आणि अण्णासर, तिघेही होते. मुलगी आणि तिचे वडीलही होते, कारण त्यांना वगळून त्यांच्याबद्दल बोलणे बाईंना पटत नव्हते.

बाईंनी भाऊसाहेबांना एकच गोष्ट विचारली. एखाद्या कागदावर साहेबांनी ‘दाखल करावे’ असा शेरा मारला, तर तो कागद कुठे जाईल?

“दप्तरात,” भाऊसाहेब क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. “दप्तरी दाखल. म्हणजे विषय संपला, पुढे काही करायचं नाही. गठ्ठा बांधून मागच्या खोलीत.”

अण्णासर खुर्चीत ताठ झाले. काहीतरी बोलणार होते, पण बाईंनी हात वर केला आणि सावकाश, वर्गात उदाहरण सोडवावे तसे, मांडायला सुरुवात केली.

कचेरीच्या भाषेत भाऊसाहेबांचा अर्थ बरोबर आहे. बावीस वर्षे त्यांनी हा शब्द तक्रारींवर आणि विनंत्यांवरच पाहिला. प्रवेशअर्जावर पाहण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पलीकडे अर्जावर कोणी काही लिहीतच नाही. यंत्र यादी देते. तेव्हा अर्जावर ‘दाखल करावे’ दिसले, तर त्यांनी काय समजावे? उमेदवाराने माघार घेतली, कागद मिटवा. माघार घेतलेल्याचे नाव कुठल्याही यादीत येत नाही. नकाराच्याही नाही. म्हणून एकशे एकोणसाठ.

आणि अण्णासरांचा अर्थही बरोबर आहे. या विद्यापीठात मुलाचा प्रवेश पहिल्या वर्षीच झालेला असतो. तो आधीपासून इथलाच असतो. त्याला पुन्हा ‘प्रवेश’ कसा देणार? म्हणून विद्यालय सुरू झाले तेव्हाच्या मंडळींनी शब्द ठरवला की मुलगा विद्यापीठात प्रवेश घेतो आणि विद्यालयात दाखल होतो. पुढे छापील नमुने आले, नवे सदस्य ‘निवड’ लिहू लागले, आणि जुना शब्द एकाच माणसाच्या लेखणीत उरला. सोमवारी समितीत शेरे इतरांनी लिहिले, म्हणून काही बिघडले नाही. बुधवारी सर एकटे होते.

“चोरी कुणी केली नाही,” बाई म्हणाल्या. “एका शब्दाच्या दोन टोकांना दोन विद्यापीठं उभी होती. मधे ही पोर सापडली.”

बोलणे संपायच्या आत भाऊसाहेब उठून गेले होते. दहा मिनिटांनी ते आले तेव्हा त्यांच्या हातात बुधवारच्या तारखेचा, सुतळीने दुपदरी बांधलेला गठ्ठा होता. गाठ त्यांनी सर्वांसमोर सोडली. वसतिगृहाच्या नळाबद्दलची तक्रार, सायकल स्टँडला छप्पर घालण्याची विनंती, आणि त्यांच्याखाली क्रमांक एकशे सतरा. पहिल्या पानावर अण्णासरांच्या टपोऱ्या अक्षरात ते दोन शब्द होते. त्याखाली भाऊसाहेबांचा शिक्का आणि बारीक अक्षरात, ‘शेऱ्याप्रमाणे कार्यवाही पूर्ण’.

अण्णासरांनी ते वाचले आणि कपाळाला हात लावला. त्यांनी जागच्या जागी लेखणी काढून शेऱ्याखाली लिहिले, ‘म्हणजे निवड’, आणि तारखेसह सही केली.

६

तीन वाजून दहा मिनिटांनी मावशी टंकलेखनाला बसल्या. एक नाव खोडून वर दुसरे हाताने लिहिले तरी नियमात बसले असते, पण त्यांनी पूर्ण यादी नव्याने केली. नावे अक्षरांच्या क्रमाने असल्यामुळे मुलीचे नाव सव्विसावे आले. भाच्याचे नाव त्यांनी प्रतीक्षायादीत पुन्हा पहिले घातले, आणि कागद बाहेर काढताना फोनवर त्याला ते सांगूनही टाकले. पलीकडून बराच वेळ काहीतरी आनंदी बोलणे ऐकू येत राहिले. मावशींनी शेवटी त्याला गप्प बसवले.

यादी सहीला न्यायचे काम शिपायाचे, पण ती भाऊसाहेबांनी स्वतः नेली, स्वतः आणली आणि फलकावर टाचण्याही स्वतःच लावल्या. मग ते वडिलांकडे वळले. माफी मागण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी आधी सदऱ्याची बटणे नीट केली.

“चूक माझी झाली. नाव वाचायला हवं होतं. मुलीचं नाव वाचलं असतं, तर निदान सरांना विचारलं तरी असतं.”

वडिलांनी यादीवरची नजर काढली नाही. ते पहिल्या नावापासून एकेक वाचत सव्विसाव्यापर्यंत आले होते आणि तिथेच थांबले होते.

“सकाळी मी हिला म्हटलं, कुणीतरी आपला केसानं गळा कापला,” ते म्हणाले. “पंचवीस वर्षं या धंद्यात आहे साहेब. मला तरी कळायला हवं होतं, केसानं गळा कापता येत नाही.”

भाऊसाहेबांना हसावे की नाही ते कळेना. अण्णासर हसले, तेव्हा तेही हसले. बाईंनी त्या दोघांना उद्याच एका टेबलाशी बसवून शेऱ्यांचा एकच छापील नमुना करून घ्यायचे ठरवले. पुढच्या वर्षीच्या मुलांच्या दृष्टीने आजच्या दिवसातले ते सर्वांत महत्त्वाचे काम होते.

चार वाजले. फलकाजवळची गर्दी पांगली. मुलीने स्वीकृतीच्या नमुन्यावर सही केली, प्रत घडी करून वहीत ठेवली, आणि दोघे बापलेक फाटकाकडे निघाले. दुकान अजून दोन तास तरी उघडता येईल, असा वडिलांचा हिशेब चालला होता. शनिवारची नेहमीची गिऱ्हाईके येऊन परत गेली असतील. दोन-तीन जण मात्र पायरीवर बसून असतील, कोण ते त्यांना ठाऊक होते. मुलीलाही ठाऊक होते. दोघांनी एकदमच त्यांची नावे घेतली.

फाटकाबाहेर पडून दोघे बसथांब्याकडे वळले. मग वडिलांनी विचारले, “एवढं सगळं झालं खरं, पण तिथे शिकवतात तरी काय गं? नीट सांग. वर्षभर नुसता भांडलोच तुझ्याशी, विचारलं काही नाही.”

मुलगी चालता चालता थांबली. मग तिने दुकानातल्या तीन खुर्च्यांपासून सुरुवात केली. बस आली आणि भरून निघून गेली, तरी तिसऱ्या खुर्चीचे सांगणे अजून चाललेच होते. वडील ऐकत होते. मधेच त्यांनी एक शंका काढली, आणि ती बरोबर होती.